कुत्र्याचा मोडलेला पाय आणि बाहेरचा आधार



कुत्र्याचा पाय मोडला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांत पुढे काय होते, हे मी तुम्हांला सांगावयास नको. चार दिवस ते पडवीच्या कोपऱ्यात कण्हत पडते. कोणी हळद-चुना थापतो, कोणी बांबूच्या दोन कामट्या सुतळीने करकचून बांधतो. नशीब असेल तर हाड वाकडेतिकडे का होईना, पण जुळते आणि कुत्रे जन्मभर लंगडते. नशीब नसेल तर पाय सडतो, अळ्या पडतात आणि एके दिवशी ते कोठेतरी जाऊन मरते. "मुके जनावर, त्याचे भोग," असे म्हणून आपण दुसरे पिल्लू आणतो.

प्रथमच सांगून टाकतो की मी पशुवैद्य नाही. दापोलीच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन मी विस्ताराच्या कामाला लागलो. माझा संबंध भाताच्या वाणाशी, सुपारीच्या कोळेरोगाशी, नारळाच्या सोंड्या भुंग्याशी. परंतु खेड्यात एकदा माणसाला 'साहेब' म्हटले की त्याला खताच्या मात्रेपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सर्व काही विचारले जाते. तेव्हा मी जे पाहिले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, तेवढेच येथे लिहीत आहे. औषधाची मात्रा मी कोठेही देणार नाही, ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

मुरूड तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आगरदांडा आहे. पलीकडे दिघी, मध्ये राजपुरीची खाडी. फेरीबोट लागली की गाड्या भराभर उतरतात आणि अरुंद रस्त्याने मुरूडकडे धावतात. रस्त्याच्या कडेला नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. त्यांतील एका वाडीत एक काकू एकट्या राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा मुंबईला नोकरीत. काकूंच्या सोबतीला एक गाय, पाच-सहा कोंबड्या आणि खंड्या नावाचा गावठी कुत्रा.

शहरातील माणसाला कुत्रा हा हौसेचा विषय वाटतो. वाडीवाल्याला तो तसा नाही. कोवळे नारळ पाडून फेकणारी माकडे, शेंगा-भाजी ओरबाडणारे वानर, रात्री कंदासाठी आळी उकरणारी रानडुकरे, ह्यांनी कोकणातील शेतकऱ्याला अगदी जेरीस आणले आहे. आम्ही खात्याची माणसे कुंपण सांगतो, फटाके सांगतो, पण एकट्या बाईमाणसाने रात्री-अपरात्री उठून डबा किती वाजवावयाचा? खंड्या ते काम करीत असे. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, हा माझा बिनपगारी गडी आहे." मला वाटते, हा हिशेब वाचकांपैकी पुष्कळांना पटेल.

२०२२ सालच्या नारळी पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी मी सुपारीवर बोर्डो मिश्रणाची दुसरी फवारणी कोणी कोणी केली ते पाहत त्या भागात फिरत होतो. काकूंच्या वाडीत शिरलो, तो पडवीत ही गर्दी. बोटीतून उतरलेल्या एका गाडीखाली खंड्या सापडला होता. उजव्या मागच्या पायाची नडगी मधोमध मोडून हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले होते. एक जण चुना आणावयास धावला होता, दुसरा कामट्या तासत होता.

नडगीचे हाड तुम्ही आपल्याच पायावर हात फिरवून पाहा. आतल्या बाजूला कातडी आणि हाड ह्यांच्यामध्ये मांस जवळजवळ नाहीच. कुत्र्याचेही तसेच. म्हणून नडगी मोडली की हाड सहज बाहेर येते. आणि मांस नसल्यामुळे त्या जागी रक्ताचा पुरवठाही बेताचा, हाड जुळावयास वेळ लागतो. उघड्या जखमेत चुना भरला की वरची कातडी भाजते. हळद-तेल-शेण ह्यांचा लेप लावला की घाण थेट हाडाच्या पोकळीत जाते. एकदा हाडात पू झाला की तो निघता निघत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जे जे सांगितले ते आम्ही केले, आणि ते प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पहिली गोष्ट म्हणजे कुत्र्याचे तोंड बांधणे. कितीही मायेचा कुत्रा असो, हाड मोडल्याच्या वेदनेत तो धन्यालाही चावतो. एक सुती पट्टी किंवा जुनी ओढणी नाकाड्यावरून गुंडाळून कानामागे गाठ मारावी. मात्र त्याला उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नये. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे. आपल्याच घरचा कुत्रा आहे म्हणून हयगय करू नये. रेबीज एकदा प्रकट झाला की मग माणूस वाचत नाही.

दुसरे असे की बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम हलक्या धारेने धुवावी, स्वच्छ धुतलेल्या फडक्याने झाकावी आणि कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर आडवे घालून न्यावे. रक्त वाहत असेल तर फडक्यावरून दाबून धरावे. आणि घरातील दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. माणसाची अंगदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते, मूत्रपिंडे निकामी करते. येथे जाता जाता सांगतो, जनावरांना पूर्वी सर्रास टोचले जाणारे डायक्लोफेनॅक सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी बंद केले, कारण ते औषध दिलेले मेलेले ढोर खाऊन देशातील गिधाडे संपत आली होती. आमच्या शेजारच्या म्हसळा तालुक्यात गिधाडे अजून टिकून आहेत, म्हणून ह्या गोष्टीचे मला विशेष अगत्य.

डॉक्टर आले. त्यांनी जखम साफ केली, प्रतिजैविक व वेदनाशामक टोचले, आणि मग ओसरीवर बसून काकूंना स्पष्ट सांगितले, "हे प्लास्टरचे काम नाही. एक तर मुंबईला नेऊन बाहेरून सळया लावून घ्यावयाच्या, नाहीतर पाय वरून काढून टाकावयाचा. तीन पायांवर कुत्रा चांगला जगतो."

मुलाचा फोन आला. तो वाईट मुलगा नाही, पण त्याने व्यवहार सांगितला, "आई, खर्चात पडू नको. मी तुला चांगले पिल्लू आणून देतो." काकू काही वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, "पिल्लू मोठे व्हायला वर्ष जाईल. तोवर माकडे काय थांबणार आहेत?" मी त्यांना कोणताच आग्रह केला नाही. पैसे त्यांचे होते, आणि पाय काढणे हा काही क्रूरपणा नाही. ज्या घरात रोज निगा राखावयास माणूस नाही, त्या घरात तोच शहाणपणाचा मार्ग. काकूंनी गाईच्या दुधाचे साठवलेले पैसे मोजले आणि नेण्याचे ठरवले. मासेमारीची बंदी उठून बोटी समुद्रात जाऊ लागल्या होत्या. कोळीवाड्यातील एका नाखव्याचा मासळीचा टेम्पो पहाटे मुंबईला निघणार होता. त्याने बर्फाच्या पेट्यांच्या पुढे जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मीही बरोबर गेलो.

परळला जनावरांचे मोठे इस्पितळ आहे, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे. त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. मी दापोलीला शिकत असताना हे महाविद्यालय आमच्याच कोकण कृषी विद्यापीठाकडे होते. नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर ते तिकडे गेले. त्या आवारात कोणी घोडा आणतो, कोणी पोपट, कोणी रस्त्यावरचे मांजर पोत्यात घालून. आमच्या खंड्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही, इतके ते नित्याचे.

आता ही सळयांची पद्धत काय आहे ते सांगतो. डॉक्टर मंडळी तिला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. आपण बाहेरची आधार-चौकट म्हणू.

मोडलेले हाड जुळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: तुकडे एका रेषेत यावे लागतात आणि ते हलता कामा नयेत. प्लास्टर हे काम बाहेरून दाबून करते. त्यासाठी मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे प्लास्टरात यावे लागतात. पुढच्या पायाच्या मनगटावरची हाडे किंवा नडगी असेल तर ते जमते. मांडीचे हाड मोडले तर वरचा सांधा खुब्याचा, तो प्लास्टरात कसा घालणार? उलट प्लास्टरचे ओझे लोंबकळून तुकडे अधिकच हलतात. दुसरी अडचण अशी की जखम प्लास्टरखाली झाकली जाते, तिच्यात काय चालले आहे ते दिसत नाही. आणि तिसरी आपली, कोकणातली. ह्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. श्रावण-भाद्रपदात आमच्या चपला वाळत नाहीत, तेथे कुत्र्याचे प्लास्टर कोरडे कसे राहावे? ओले प्लास्टर म्हणजे माश्यांना आमंत्रण.

आधार-चौकटीत पोलादाच्या बारीक सळया कातडीतून आत घालून हाडाच्या आरपार बसवतात. मोडलेल्या जागेच्या वर दोन-तीन, खाली दोन-तीन. सळयांची बाहेर राहिलेली टोके एका आडव्या दांड्याला लहान लहान पकडींनी जखडतात. हाड आतून धरले जाते, पण धरणारा दांडा बाहेर. मोडलेल्या जागेला हात लावावा लागत नाही, जखम मोकळी राहून रोज धुता येते, आणि गुडघा व घोटा मोकळे राहिल्याने कुत्रा चार दिवसांत पाय टेकू लागतो. पाय वापरात राहिला की मांस सुकत नाही, सांधे धरत नाहीत.

मला हे चटकन समजले ते कलमामुळे. दापोलीला आम्ही आंब्याची कोय कलमे शेकड्यांनी बांधली आहेत. खुंट आणि काडी ह्यांच्या साली समोरासमोर आल्या पाहिजेत आणि पट्टी घट्ट हवी. कलम रोज हलवून पाहणाऱ्याचे कलम कधी लागत नाही. हाडाचेही असेच. मोडल्या जागी आधी रक्त गोठते, मग तेथे मऊ चिवट गाठ तयार होते, ती हळूहळू टणक होते आणि मग महिनोन्‌महिने घासून-पुसून मूळ आकाराला येते. मऊ गाठीच्या काळात रोज हिसके बसले तर दोन तुकड्यांमध्ये खोटा सांधा होतो आणि पाय कायमचा लुळा पडतो.

सळई घालणे हे गिरमिटाने लाकडाला भोक पाडण्यासारखे दिसते, पण तसे नाही. वेगाने भोक पाडले तर घर्षणाने हाड भाजते. भाजलेले हाड मरते, आणि मेलेल्या हाडात सळई सैल होते. म्हणून अगदी सावकाश फिरवावयाचे, वरून मिठाचे पाणी सोडावयाचे. सळईची जाडी हाडाच्या जाडीच्या पावपटीहून जास्त नको, नाहीतर त्या भोकातूनच हाड पुन्हा मोडते. पकड आणि कातडी ह्यांच्यामध्ये बोटभर अंतर सोडावे लागते, कारण पुढे दोन दिवस पाय सुजतो. नडगीला ही चौकट आतल्या अंगाने बसवतात, जेथे मांस नाही तेथून. त्यामुळे खंड्या पुढे काही आठवडे मागचे पाय फाकवून एखाद्या पहिलवानासारखा चाले.

ह्या पद्धतीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरी क्लेटन पार्कहिल ह्या शल्यवैद्याने १८९७ मध्ये आणि बेल्जियममध्ये आल्बिन लाम्बोट ह्याने १९०२ मध्ये माणसांच्या हाडांसाठी अशा चौकटी केल्या. परंतु पुढे १९३० नंतरच्या दशकात ओटो स्टेडर नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने कुत्र्यांसाठी चौकट तयार केली. कुत्रे प्लास्टर ठेवून घेत नाही, चावून फाडते, ही जगभरची अडचण. स्टेडरची चौकट कुत्र्यांवर इतकी उतरली की न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळातील डॉक्टरांनी ती माणसांसाठी घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराने जखमी खलाशांसाठी वापरली. माणसांवरून जनावरांकडे उपचार येतो हे आपण नेहमी पाहतो. येथे कुत्र्यावरून माणसाकडे गेला! मी हे काकूंना सांगितले तेव्हा त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही.

त्यानंतर सायबेरियातील कुर्गान गावी इलिझारोव्ह ह्या डॉक्टरांनी १९५० नंतर गोल कड्या आणि ताणलेल्या तारा ह्यांची चौकट काढली. तिने आखूड हाड दिवसाला एक मिलिमीटर ह्या हिशेबाने लांबवतासुद्धा येते. आपल्या मुंबईतही डॉ. बी. बी. जोशी ह्या अस्थिशल्यवैद्यांनी हलकी, कमी खर्चाची चौकट तयार केली. ती 'जेस' ह्या नावाने ओळखली जाते आणि वाकड्या पावलांच्या बालकांसाठी व हाताच्या दुखापतींसाठी वापरली जाते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तर पकडी आणि दांडे ह्यांच्या ऐवजी इपॉक्सी लांबी वापरून पाहिली गेली. सळयांची टोके वाकवून त्यांवर ही लांबी थापली की काही वेळात ती दगडासारखी होते. (ही संस्था १८८९ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.) टेम्पोवाल्या नाखव्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे आम्ही इंजिनाच्या नळीला लावतो तेच की!" होय, जात तीच. म्हणून कोणी घरी खिळे ठोकून लांबी थापावयास जाऊ नये. भूल, क्ष-किरण चित्र आणि निर्जंतुक हत्यारे ह्यांवाचून हे काम म्हणजे निव्वळ हालहाल.

खंड्याला भूल देऊन सहा सळया घातल्या. तीन वर, तीन खाली. दोन दिवस तेथे ठेवून आम्ही त्याला परत आणले. एकूण खर्च एका चांगल्या शेळीच्या किमतीच्या आतबाहेर झाला.

खरे काम पुढे होते, आणि ते सर्व काकूंनी केले. शस्त्रक्रिया दीड तासाची, शुश्रूषा दहा आठवड्यांची. ज्यांच्या घरी कधी हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी हे जरा विस्ताराने सांगतो.

काकू रोज सकाळी एक लिटर पाणी उकळून त्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालत. ते गार झाले की स्वच्छ कापसाने प्रत्येक सळईच्या मुळाशी जमलेली खपली भिजवून पुसून काढत. एका सळईचा कापूस दुसरीला नाही. सळईच्या मुळाशी थोडा पाण्यासारखा स्राव येतोच, त्याला भिऊ नये. तो घट्ट, पिवळा, वासाचा झाला, किंवा पाय टेकणारा कुत्रा अचानक पाय उचलून धरू लागला, तर समजावे की सळई सैल झाली किंवा आत पू झाला, आणि डॉक्टरांना कळवावे. माश्या बसू नयेत म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध भोवताली लावत आणि संध्याकाळी पडवीत धूर करीत. चौकटीवर जुन्या सुती साडीची पट्टी सैलसर गुंडाळलेली असे, नाहीतर दांडा दाराच्या कडीत किंवा झावळीत अडकतो आणि सगळे निखळते.

कुत्रे जखम चाटते. "चाटू दे, त्याची लाळ औषधी असते," असे शेजारी सांगत. तसे मुळीच नाही. चाटून चाटून ते जखम ओली ठेवते आणि तोंडातील घाण आत घालते. मुंबईहून आणलेली गळ्यातली प्लॅस्टिकची झालर खंड्याने दोन दिवसांत फोडली. काकूंनी जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापला, कडेला फडके शिवले, भोके पाडून ती बादली गळपट्ट्याला बांधली. ती दहा आठवडे टिकली. आमच्या खात्याच्या प्रदर्शनात मांडण्यासारखी वस्तू!

बांधून ठेवणे हे सर्वांत कठीण. तिसऱ्या आठवड्यातच खंड्याला वाटू लागले की आपण बरे झालो. माकड दिसले की दोरी ताणी. दिवसातून तीन-चार वेळा दोरीला धरून अंगणात सावकाश फिरवावे, एरवी कोरड्या जागी बांधावे, उडी नाही, जिना नाही. हाड जुळत असताना थोडा भार चांगला, हिसका वाईट. खाण्याचे म्हणाल तर भात, मासळी, अंडे, एवढे पुरे. एक शेजारी कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले होते. धडधाकट खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याचे हाड जादा कॅल्शियमने लवकर जुळत नाही, आणि वाढत्या पिल्लाला तर त्याचा अपायच होतो. ती बाटली काकूंनी परत दिली, तेव्हा शेजारी जरा रागावले.

पाचव्या आठवड्यात अगदी खालची सळई सैल झाली. खंड्या पाय उचलून धरू लागला आणि मुळाशी पू दिसला. मुलाचा पुन्हा फोन, पुन्हा तेच, "मी सांगत होतो." काकूंच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी मी पाहिले. तालुक्याचे डॉक्टर आले, त्यांनी परळला फोनवर विचारून ती एक सळई काढली, औषध बदलले. हाडाला खाली अजून दोन सळया होत्या, म्हणून चौकट ढळली नाही. तिसरी सळई का घालतात ते मला त्या दिवशी समजले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय पुन्हा टेकला.

सातव्या आठवड्यात अलिबागला चित्र काढले. मोडल्या जागी ढगासारखी पांढरी गाठ स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांनी सर्व सळया एकदम काढल्या नाहीत, आधी मधल्या दोन काढल्या. भार थोडा थोडा हाडावर आला की हाड अधिक बळकट होते. कलमाची पट्टी वेळेवर सोडली नाही तर ती खोडात रुतते आणि लवकर सोडली तर कलम उचकटते, तसाच हा विषय. दहाव्या आठवड्यात, दिवाळी झाल्यावर, उरलेली चौकट निघाली. पिल्लाचे हाड तीन ते सहा आठवड्यांत जुळते, मोठ्या कुत्र्याला आठ ते बारा, आणि उघड्या जखमेला त्याहूनही अधिक लागू शकतात. पकडी इस्पितळाला परत केल्या. त्या पुन्हा वापरता येतात.

खंड्याचा तो पाय किंचित बाहेर वळलेला आहे आणि थंडीच्या सकाळी पहिली चार पावले तो लंगडतो. माकडांना ते माहीत नाही.

आता प्रत्येक मोडलेल्या पायाला सळया हव्यात असा कोणी अर्थ घेऊ नये. कातडी फाटलेली नाही, हाड मनगटाखालचे किंवा नडगीचे आहे, तुकडे फारसे सरकलेले नाहीत आणि जनावर लहान वयाचे आहे, तर चांगले बसवलेले प्लास्टर किंवा खपाटी पुष्कळदा पुरते. गावातील हाडवैद्याच्या हातालाही मी कमी लेखत नाही. हाड जाग्यावर आणण्याची त्यांच्या बोटांतील समज काही वेळा विलक्षण असते. मात्र पट्टी कोणीही बांधो, पंजाची मधली दोन बोटे उघडी ठेवून घ्यावीत आणि दिवसातून दोनदा पाहावीत. बोटे सुजून नखे एकमेकांपासून फाकली, बोटे गार पडली किंवा वास येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये, पट्टी तत्काळ सोडवावी. आवळलेल्या सुतळीने गमावलेले पाय मी ह्या नोकरीत हाड मोडून गमावलेल्या पायांपेक्षा जास्त पाहिले आहेत. तुकडे उघडे पडले असतील, चुरा झाला असेल किंवा मांडीचे हाड असेल, तर मात्र एक-दोन दिवसांतच मोठ्या इस्पितळाची वाट धरावी. मांडीवर मांस जाड असल्याने तेथे नुसती बाहेरची चौकट त्रासाची होते. डॉक्टर हाडाच्या आत सळई किंवा वरून पट्टी बसवणे पसंत करतात, ते त्यांच्यावर सोपवावे.

गेल्या पावसाळ्यात दिघीकडचे एक गृहस्थ फेरीबोटीतून महिन्याभराचे करडू कुशीत घेऊन आले आणि काकूंच्या दारात उभे राहिले. पुढचा पाय मोडलेला, कातडी शाबूत. "तुमच्या कुत्र्याला लावल्या तशा सळया ह्याला कोठे लावून मिळतील?" मी तेव्हा तेथेच चहा घेत होतो. आम्ही करडाला मुरूडच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाय चाचपला, कापूस गुंडाळून खपाटी बांधली आणि तीन आठवड्यांनी या म्हणून सांगितले. गृहस्थ थोडे नाराजच झाले. इतक्या लांब येऊन नुसती पट्टीच, असे त्यांना वाटले असावे. काकूंनी त्यांना मिठाच्या पाण्याचे काही सांगितले नाही, फक्त बोटे कशी पाहावयाची ते दाखवले आणि चारची बोट गाठावयास लावले.